शिक्का मारलेला बेत

ती घटना आजही आठवते, आणि आठवली की आधी स्वतःचाच राग येतो. पस्तीस वर्षांच्या नोकरीत चोर-दरोडेखोर पुष्कळ पाहिले. त्यातले निम्मे विसरलो. हा माणूस मात्र विसरता येत नाही, आणि त्याने तर कसलाच गुन्हा केला नव्हता.

मी तेव्हा पूर्व उपनगरातल्या एका ठाण्यात वरिष्ठ निरीक्षक होतो. एका बुधवारी सकाळी पोळी-भाजीचे डबे देणारी एक मावशी आली. ठाणे अंमलदाराने तिला दोनदा परत पाठवलं, तशी ती तडक माझ्या केबिनमध्ये घुसली.

"साहेब, माझा एक डब्याचा गिऱ्हाईक हाय. एकटाच राहतो. पंधरा दिवस डबा बंद ठेव, सोमवारपासून चालू कर म्हणाला. दोन दिवस झाले, डबा दाराला तसाच लटकलाय. फोन पण बंद."

"गेला असेल कुठे फिरायला. येईल."

"तो तसा नाय ओ. एक पोळी कमी हवी असली तरी आदल्या दिवशी सांगतो."

पोलिसाचं डोकं वाकडंच चालतं. मी तिला आडवे-तिडवे प्रश्न विचारले. तुमचा कोण लागतो? घरात येणं-जाणं आहे का? शेवटी ती वैतागली.

"कोण नाय लागत! पण तीन वर्षांत डबा धुवून परत देणारा हा एकच माणूस हाय. एवढं पुरे नाय का?"

ते पुरेसं होतं. मिसिंगची नोंद घेतली आणि सोसायटीचे सेक्रेटरी व दोन पंच बोलावून कुलूप उघडलं. सेक्रेटरींना त्याच्याबद्दल एवढंच माहीत होतं की तो मेंटेनन्स वेळेवर भरतो आणि अंधेरीला कुठल्याशा कंपनीत जातो. शेजाऱ्यांना तर त्याचं नावही धड सांगता येईना. आठ वर्षं एका मजल्यावर राहणारी माणसं ही!

आत भिंतीवर हिमालयातल्या एका आडबाजूच्या रांगेचा नकाशा होता. टेबलावर दहा दिवसांच्या जेवणाची यादी, प्रत्येक पुडीच्या वजनासकट. त्याखाली अर्जाची एक प्रत होती. तिच्यावर आमच्याच ठाण्याचा आवक शिक्का आणि शेजारी माझी सही.

मी ती प्रत उचलून वाचली. मग सगळं आठवलं. तीनेक आठवड्यांपूर्वी चाळिशीतला एक बारीकसा माणूस माझ्यासमोर उभा होता.

"साहेब, डोंगरात एकट्याने जायचं तर आपला बेत मागे कुणाकडे तरी ठेवावा लागतो. ठरल्या वेळी आपला फोन आला नाही, तर त्याने शोधाशोध करायची."

"मग नातेवाइकाला द्या."

"कुणी नाही."

"मित्र?"

तो जरा घुटमळला. "ठाण्यात चोवीस तास कुणीतरी असतं ना, म्हणून."

मी हसलो होतो. चक्क हसलो होतो! आवक-जावक बघणाऱ्या बारनिशीच्या कारकुनाला म्हणालो, "याला शिक्का मारून दे रे, जाऊ दे." अर्ज फाइलला गेला. आम्ही कुणीच तो वाचला नाही. त्यात स्पष्ट लिहिलं होतं : रविवारी संध्याकाळी सहापर्यंत ठाण्यात फोन करीन, न केल्यास मी अडचणीत आहे असे समजावे. आणि आज बुधवार होता.

तिकडच्या जिल्हा पोलिसांना फोन लावला. तिथला अधिकारी म्हणाला, "शोधायचं कुठे, साहेब? डोंगर का एक आहे?" मी अर्ज हातात धरून एकेक दिवस वाचून दाखवला. कुठे मुक्काम, कुठे पाणी. सहाव्या दिवसासमोर लिहिलं होतं : खिंडीत बर्फ असल्यास पूर्वेच्या नाल्याने उतरून मेंढपाळांच्या कुरणाकडे जाणार. खिंडीत बर्फ पडल्याचं तो अधिकारीच म्हणाला.

पुढचे दोन दिवस मी खुर्चीतून फारसा उठलो नाही. शुक्रवारी दुपारी फोन आला. नाल्याखाली, मेंढपाळांच्या दगडी आडोशात तो सापडला होता. पाय मोडलेला, अंगात त्राण नाही, पण जिवंत. संध्याकाळी तिथल्या हॉस्पिटलमधून त्याच्याशी बोलणं करून दिलं. त्याचा आवाज अगदी खोल गेला होता.

"साहेब, रविवारी फोन करतो म्हणालो होतो. जमलं नाही. तुम्हाला उगाच त्रास झाला, माफ करा."

माफी तो मागत होता! खरं काय ते मी त्याला नंतर सांगितलं, तो घरी आल्यावर, समोर बसून. तो एवढंच म्हणाला, "पण तुम्ही शोधलंत ना."

या प्रकरणाने मला शिकवलं ते कुठल्या कायद्याच्या पुस्तकात नाही. ठाण्याची पायरी माणूस तक्रार घेऊनच चढतो असं नाही. कधीकधी दुसरं दारच नसतं म्हणूनही चढतो. पुढे हाताखालच्या पोरांना मी बजावून सांगायचो, शिक्का मारण्याआधी वाचा रे बाबांनो.

पाय बरा झाल्यावर तो पुन्हा निघाला. आता त्याचा बेत माझ्या घरी येतो. ठरलेल्या रविवारी मी चार वाजल्यापासूनच फोनजवळ बसतो. बायको गेली, मुलगा परदेशात रमला. सहाच्या सुमारास फोन वाजतो, तो म्हणतो, "उतरलो, साहेब." मी म्हणतो, "बरं झालं, पण लगेच ठेवू नकोस रे."