कालवडींच्या शेपटीतली कुसळं

वालूरला एसटीतून उतरून तासभर चाललं की एक मोठा माळ लागायचा. कमरेएवढं गवत, त्यात काळविटं. गवताचं बी गळेपर्यंत, म्हणजे दसऱ्यापर्यंत, माळावर गुरं सोडायची नाहीत, असं गावाचं ठरलेलं होतं.

नामांतराची वर्षं होती. मी गुरांच्या दवाखान्यात नोकरीला होतो. लहान शेतकऱ्यांना वाटायच्या लाल कंधारी जातीच्या कालवडी निवडायचं काम माझ्याकडं आलं. आमच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, माळाचा नियम मोडून चारलेलं जनावर घ्यायचं नाही.

भादव्यात एका बागायतदारानं कालवडी बघायला बोलावलं. वाटेत माळाकडेला राहणारी, शेळ्या राखणारी म्हातारी भेटली. कुणाकडं चाललो ते ऐकून हळूच म्हणाली, "महिना झाला, त्यो माळावरच चारायलाय. माझं नाव घेऊ नका साहेब. मला इथंच राहायचंय." नामांतराच्या दंगलीत जळालेल्या वस्त्या तिनं डोळ्यांनी पाहिल्या होत्या.

गोठ्यात शिरलो तसं मागचं फाटक लागलं. बागायतदार आणि काठ्या घेतलेले तिघं. कालवडी तेज होत्या, पण शेपटीच्या केसांत माळावरच्या गवताची कच्ची कुसळं गुंतलेली.

"बिल्ले ठोका कानाला," तो म्हणाला.

बिल्ल्यांचा चिमटा मी परत पिशवीत ठेवला. "या नाही घेता येणार. माळावर चारल्यात."

"कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. शेपट्या बघा."

तो वाकला, एक कुसळ उपटून त्यानं माझ्या तळहातावर ठेवलं. "त्या म्हातारीनंच सांगितलं असंल."

मी आईची शपथ घेतली, खोटी. मग त्यानं मान हलवली, फाटक उघडलं. म्हातारीच्या खोपीवरून जायची हिंमत झाली नाही. लांबच्या वाटेनं पळतच वालूर गाठलं.

आठ दिवस मी तिकडं फिरकलो नाही. कालवडी आम्ही पिंगळी गावाकडच्या तीन घरांतून घेतल्या, दावणीला कडबा खाऊन वाढलेल्या. शेवटी डॉक्टरांना घेऊन माळाकडं गेलो. म्हातारी खोपीपुढं शेळ्या सोडत होती.

"त्यो आला व्हता इचारायला," ती म्हणाली. "मी म्हनलं, मला म्हातारीला लांबचं दिसतच न्हाई. तुमी घेतल्या न्हाईत म्हनून गुरं काढलीत त्यानं माळावरनं."

ती हसली. मला हसता आलं नाही. त्यानंतर तिच्याशी चारचौघांत मी कधीच बोललो नाही.