चुलीपाशी राहणारी हेस्तिया

हसायचं तर हसा, पण आधी पुरतं ऐका. माझं लग्न मोडायला आलं होतं, आणि तेही एका देवीपायी.

मी तेव्हा मंगरूळपीरला शाळामास्तर होतो. राज्य इंग्रजांचं, लग्न नवीन आणि डोक्यात ग्रीक लोक. नागपूरला कॉलेजात त्यांचं तत्त्वज्ञान वाचलं आणि ते अंगात असं भिनलं की समोर पोरं पाढे म्हणायची अन् मी मनाने अथेन्सात. त्यांचे देव पुष्कळ, आपल्यासारखेच. पण त्यांच्यातले शहाणे म्हणत, देव कोपत नाही, लाच घेत नाही, त्याला आपल्याकडून काही नकोच असतं. पूजा करायची ती आपलं मन ताळ्यावर राहावं म्हणून. मला हे फार पटलं. नुसतं वाचून काय उपयोग, तसं जगून पाहू म्हटलं.

ग्रीक लोक पहिला मान देत हेस्तियाला. ती चुलीची देवी. माझी बायको यमुना तेव्हा माहेरी, मेडशीला गेली होती. घर मोकळं. मी सकाळी आंघोळ करायचो, शेजारच्या जैतूनबीकडून विस्तू आणायचो, त्यावर तुपाचा थेंब अन् भाकरीचा तुकडा टाकायचो. ग्रीक भाषा कोणाला येते? म्हणून मराठीतच मोठ्याने म्हणायचो, "हेस्तिये, ये. या घरातली पहिली तूच. तुझ्याशिवाय घर सुनं. पहिला घास तू घे, मग मी खातो."

मधे कुडाची भिंत. पलीकडे जैतूनबी. तिने काय समजायचं, तुम्हीच सांगा.

एका रविवारी दारात बैलांची दमणी थांबली. यमुना उतरली, मागोमाग माझे सासरे. जैतूनबी तिला गल्लीतच भेटली. दोघी काहीतरी कुजबुजल्या आणि यमुना उंबऱ्यावरच थांबली. मी पाणी दिलं. सासऱ्यांनी तांब्या तसाच खाली ठेवला.

"जवाईबापू," ते म्हणाले, "हे हस्तीबाई कोन हाय?"

मला काय आनंद झाला. वाटलं, जैतूनबीने पूजा ऐकली असणार आणि मामाजींना धर्मात गोडी आहे. मी सतरंजी अंथरली.

"हेस्तिया, मामाजी. ती ग्रीसची."

"गिरीस कोन्या तालुक्यात येते?"

"तालुक्यात नाही. समुद्रापलीकडे आहे."

"म्हंजे मडम हाय," ते यमुनेकडे पाहून म्हणाले.

यमुनेचा चेहरा उतरला. मला वाटलं, प्रवासाने थकली.

"लगन झालं का तिचं?"

"नाही. दोघांनी मागणी घातली होती, मोठे होते दोघंही. तिने साफ नकार दिला. म्हणाली, मी घर धरून राहीन."

"कोनाचं घर?"

"कोणाचंही. आपलंसुद्धा. आत्ताही ती आतच आहे, चुलीपाशी."

सासरे उठले. काठी घेतली. यमुनेने बोचकं पुन्हा काखेत मारलं आणि गाडीवानाला म्हणाली, "बैल सोडू नोको."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. सासरे आत जाऊन कणगीमागे काठी घालून पाहत होते. गल्लीतली चार माणसं दारात जमली. शाळेतल्या मास्तराच्या घरात मडम लपली, ही बातमी उद्या कुठवर जाईल, ते मला दिसायला लागलं.

"मामाजी, ती बाई नाही. देवी आहे."

"सापडले का सारेच देवी म्हनतेत."

मी जैतूनबीला हाक मारली. "तुम्ही तिला कधी पाह्यलं काय? खरं सांगा."

"नाई पाह्यलं, मास्टरसाब," ती बिचारी प्रामाणिकपणे म्हणाली. "आवाज बी नाई ऐकला. तुमीच बोलत, अन् ते चुपचाप खात जाय."

यमुना वळली. एक पाय दमणीच्या पायरीवर ठेवला. मी धावत आत गेलो, राखेखालचा निखारा फुंकून वर काढला. घाईत तुपाची वाटीच त्यावर उपडी झाली. भडका उडाला. तेवढ्यात मी तेच शब्द म्हटले, "हेस्तिये, ये. या घरातली पहिली तूच."

सासरे चुलीकडे पाहत राहिले. मग काठी भिंतीला टेकवून म्हणाले, "कोपते काय हे?"

"नाही. देव कोपत नाही."

"नैवेद्य नाई देला तं?"

"तरी नाही. तिला काही नको असतं."

"मंग तूप कायले जाळून राह्यले?"

"माझ्यासाठी," मी म्हटलं. "ताटातलं सगळं आपलंच आहे असं वाटायला लागतं ना, ते वाटू नये म्हणून."

ते चुलीजवळ आले. मग खाली बसले. "हे समजलं मले. आमच्या घरी खंडोबा हाय, मरीमाय हाय, हे एक आनखी. यमुने, बैल सोडाले सांग."

यमुना आत आली. पदराने डोळे पुसले, चूल पाहिली, मग मला पाहिलं.

"त्या गिरीसात," ती हळूच म्हणाली, "हिची सेवा कोन करते? बायको का नवरा?"

आता इथे खोटं बोललो असतो तर आयुष्य सुखात गेलं असतं. पण तत्त्वज्ञान आडवं आलं. "ज्याची श्रद्धा त्याने करावी," मी म्हटलं.

"मंग ठीक हाय," यमुना म्हणाली, आणि दुसऱ्या दिवशी उठलीच नाही. डोक्यावर पांघरूण घेऊन म्हणाली, "तुमची हस्तीबाई वाट पाहून राह्यली. अन् जळनाची पऱ्हाटी ओली हाय, जरा फुकनीनं फुका लागते."

तेव्हापासून आमच्या घरी सकाळची चूल मीच पेटवतो. आणि तुम्ही मघापासून वहिनींच्या चहाची तारीफ करताय, तो चहाही माझाच आहे.