मेंढीचं तेल आणि माझी कंबर

लग्नानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात माझ्या कमरेला, निऱ्या खोचतात तिथंच, नायटा उठला. सासरी मेंढरं. सासूबाईंनी मेंढीची चरबी कढवून तेल काढलं आणि रोज सकाळी स्वतःच्या हातानं चोळू लागल्या. वास असा, की मी पाण्याला निघाले की गावातली कुत्री मागं. महिन्याभरात नायटा गेला. मग गावात कुणालाही खाज सुटली, की सासूबाई मला चार बायकांपुढं उभं करायच्या. "दाव गं कंबर!" मी दावायची, आणि वर मान ताठ करून सांगायची, "लई गुणाचं तेल हाय." मोहोळच्या बाजारापर्यंत माझ्या कमरेची कीर्ती गेली. असलं येडं मी.

यंदा सोलापुरात हॉस्टेलवर राहणाऱ्या नातीच्या दंडाला नायटा झाला, रुपयाएवढा. तिला माझी गोष्ट तोंडपाठ. मीही ऐटीत तेल काढून बाटली पाठवली. तीन आठवड्यांनी ती घरी आली, तर नायटा भाकरीएवढा, आणि दुसरा मानेवर. आठ दिवसांवर तिची नोकरीची मुलाखत.

"अजून आठवडा चोळते, आज्जी."

"नको."

"का गं? तूच तर पुरावा आहेस की!"

आता बोलणं भाग होतं. "सासूबाई सकाळी चोळायच्या. मी दुपारी ते साबणानं धुऊन टाकायची आन् सरकारी दवाखान्यातलं मलम लावायची. ट्यूब ज्वारीच्या कणगीत लपवल्याली."

"आणि इतकी वर्षं गप्प?" नातीनं विचारलं.

"सासूबाई लई खूश होत्या की. आन् मलाबी मान मिळायचा. तुझ्यापुढंबी त्यो सोडवला न्हाय."

"बाकीच्या बायकांचं काय झालं?"

"परत कोण खाज दावायला आलं न्हाय."

"म्हणजे बऱ्या झाल्या?"

"ते मी इचारलंच न्हाय."

त्याच दुपारी तिला त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडं नेलं. त्यांनी दंड बघितला, वास घेतला. "हे कुणाच्या सांगण्यावरून?"

"माझ्या सासूबाईंच्या," मी पटकन म्हटलं.

"त्यांना घेऊन या एकदा."

"वारल्या त्या."

टेबलाखाली नातीनं माझा पाय असा दाबला, की मी सगळं खरं सांगून टाकलं. बाई हसल्या, पण मलम लिहून देताना बजावलं, "डाग गेला तरी महिनाभर लावायचं. तेल बंद."

आठ दिवसांत कुठला जातोय! मुलाखतीसाठी बंद गळ्याचा, लांब बाह्यांचा कुर्ता मी रात्री चष्मा लावून शिवला. माझ्या नुसत्या शब्दावर न जाता नात शेजारी बसून टाके मोजून घेत होती.