लांबच्या नसा

चहाचा कप ती दोन्ही हातांनी धरायची. आंघोळीचं पाणी कोपर बुडवून बघायची. बटणं लावताना आरशासमोर उभी राहायची. चप्पल पायातून निसटली तरी चार पावलं पुढे जायची, मग मागे वळून म्हणायची, "बघ, हीपण सोडून चालली मला." चालताना गुडघे उंच उचलायची, पाण्यातून चालल्यासारखी. जिना उतरताना बोलायची नाही. पायांकडे बघत राहायची.

आम्ही दोघी एका खोलीत भाड्याने राहायचो. साहित्यात पदवी घेऊन मी पुस्तकांच्या दुकानात लागले होते. ती बूट-जोड्यांच्या कारखान्यात वरच्या चामड्याला तळवे चिकटवायची. माझ्याहून बरीच मोठी, म्हणून मी ताई म्हणायचे. कारखान्यात तिला चिमटा म्हणत. तिने दाबलेला तळवा सुटत नाही, अशी ख्याती.

तिथे खिडक्या बंद असत, पंखाही. चिकटवायच्या ओल्या सोल्यूशनवर धूळ बसली की जोडा वाया. सोल्यूशन लावायचं, जरा सुकू द्यायचं, बोट टेकवून बघायचं. ओलं असलं तर तळवा घसरतो. फार सुकलं तर धरत नाही. मधला क्षण बोटालाच कळतो. तिच्या बोटांना तो कळेनासा झाला, तेव्हा तिने कुणाला सांगितलं नाही. ती तळवा वरच्या ओठाला टेकवून बघू लागली. ओठाला कळायचं. नाकही तिथेच होतं.

एका सकाळी तिच्या पायाच्या अंगठ्यात चूक, जोड्याला मारायचा बारीक खिळा, रुतलेली दिसली. तिला पत्ताच नव्हता. मी तिला ओढतच दवाखान्यात नेलं.

डॉक्टरीणबाईंनी तिला डोळे मिटायला सांगितले. "कापूस लागला की सांगा." कापूस तळपायांवरून फिरला, घोट्यांवरून, पोटऱ्यांवरून. ती गप्प. गुडघ्यापाशी आल्यावर म्हणाली, "हं, आता केलीत सुरुवात."

मला रडू आलं. डॉक्टरीणबाई सावकाश समजावत होत्या. मेंदूतून आणि पाठीच्या कण्यातून नसा निघतात आणि अंगभर पसरतात. काही हुकूम घेऊन जातात, काही खबर घेऊन येतात. पावलांपर्यंत पोचणाऱ्या सगळ्यांत लांब. सोल्यूशनच्या वाफेने त्या टोकाकडून मरत येतात. आधी पावलं, मग हात.

"आणि ओठ?" ताईने विचारलं.

"तिथल्या नसा आखूड. त्यांची पाळी शेवटी."

"मग बरंय. भांडायची सोय राहिली."

बाई हसल्या नाहीत. "पाऊल कुठे पडलं हे तुम्हाला आता पाय सांगत नाहीत, डोळे सांगतात. ते काम आजच सोडा. नसा पुन्हा वाढतात. महिन्याला बोटाच्या एका पेराएवढ्या. उशीर केलात तर तेवढ्याही नाही."

दवाखान्याचा कागद बघून कारखान्याच्या मुकादमाने तिला खोकी भरायचं काम देऊ केलं, तिच्या जागी नवी बाई घेतली. ती खोलीवर आली ती धुसफुसतच.

"खोकी भरायला चिमटा कशाला हवा? कुणीही भरेल."

"ताई, हातपाय जातील."

"तुझे डोळे जातील म्हटलं तर वाचायचं सोडशील?"

भिंतीकडे तोंड करून ती आडवी झाली. मग म्हणाली, "बरं बाई, सोडते. पण माझ्या जागी जी आलीय तिला शिकवून. नाहीतर लोक म्हणतील, चिमटा गेला आणि जोडे उघडे पडले."

तिने शिकवलं. ब्रश किती बुडवायचा, थर किती पातळ, पुढचा भाग कसा दाबत न्यायचा. टाच अवघड, अंगाचा भार तिथेच येतो, म्हणून तिने ती शेवटाला ठेवली होती. "उद्या टाच झाली की परवापासून खोकी," असं मला सांगून ती झोपली.

दुसऱ्या दिवशी टाचांचं खोकं आणायला ती स्वतःच माळ्यावर गेली. मुकादम म्हणाला, "मी पाठवतो कुणाला तरी." तिने ऐकलं नाही. उतरताना खोकं छातीशी धरलं होतं. त्याआड तिला पायऱ्या दिसत नव्हत्या, आपली पावलंही नाहीत.

खोकं आधी खाली आलं. मग ती. डोकं शेवटच्या पायरीवर आपटलं. दवाखान्यापर्यंतही ती पोचली नाही.

तिचे कपडे आणि डबा आणायला मी कारखान्यात गेले. नवी बाई टेबलाशी उभी होती, हातात बाईमाणसाचा काळा जोडा. तळवा पुढून नीट बसला होता. मागून उघडा.

"एवढंच येतं मला," ती म्हणाली. "टाच त्या शिकवणार होत्या."