एका बाईचा महिना

पगाराच्या दिवशी दुर्गामावशी घरी यायची तेव्हा तिच्याजवळ जेमतेम बसभाड्यापुरते पैसे असायचे. भिवंडीच्या निजामपुऱ्यातल्या एका लूमच्या कारखान्यात ती कांड्या भरायची, म्हणजे मागावर लागणारं सूत छोट्या कांडीवर गुंडाळायची. सात तारखेला दुपारी पगार हातात पडला की ती तडक खोलीमालकाकडे जायची आणि भाडं चुकतं करायची. तिथून रेशनचं दुकान, मग वाणी, शेवटी रॉकेल. डोक्यावर तांदळाचं गाठोडं, काखेत पिशवी, हातात रॉकेलचा डबा अशी ती चाळीच्या जिन्याशी आली की खालच्या बायका हसून म्हणायच्या, "आली बघा महिना घेऊन!"

मावशी जिना चढता चढता उत्तर द्यायची, "पैसा घरात आनला का त्याला पाय फुटतात. तांदूळ पळून जात न्हाय."

मी तिच्या शेजारच्या खोलीत राहायला आले ते त्र्याहत्तर साली. नगरपालिकेच्या शाळेत नवीन नोकरी लागली होती. एकट्या मुलीनं खोली घेऊन राहायचं हे वडिलांना मुळीच पसंत नव्हतं. शेवटी ते म्हणाले, "सहा महिने बघू. जमलं तर ठीक, नाहीतर कल्याणला काकांकडे राहायचं आणि तिथून जायचं-यायचं." काकांचं घर म्हणजे बाहेर पाऊल टाकण्याआधी तीन माणसांची परवानगी. मला काही करून ते सहा महिने निभावायचे होते.

पहिला पगार झाला आणि मला स्वर्ग दोन बोटं उरला. घरी मनिऑर्डर केली, एक भिंतीवरचं घड्याळ घेतलं, दोन साड्या घेतल्या, रोज खाणावळीत जेवले. वीस तारखेला पाकीट उघडलं तर आत सुटी नाणी. उसने मागायची लाज वाटत होती, आणि घरी कळलं तर कल्याण ठरलेलंच. सकाळच्या चहापुरतं रॉकेलही संपलं होतं; दोन दिवस मी टपरीवरच्या चहा-बिस्किटांवर काढले.

तिसऱ्या दिवशी दार वाजलं. दुर्गामावशी हातात झाकलेली ताटली घेऊन उभी होती.

"तुझा स्टो दोन दिस वाजला न्हाय गो बाय," ती म्हणाली. "आजारी हायस का पैसं संपलं?"

मला रडूच आलं. ती खाली बसली, माझं रडणं संपेपर्यंत थांबली आणि ताटली पुढं सरकवली. तांदळाची भाकरी आणि वालाचं बिरडं होतं.

"पैसं मी देनार न्हाय," ती म्हणाली. "सात तारखेपर्यंत माझ्याकडं जेव. पन पगार झाला का माझ्यासंगती बाजारात यायचं."

तशी मी गेले. त्या एका दुपारी मी जे शिकले ते डी.एड.ला कुणी शिकवलं नव्हतं. दुकानात शिरण्याआधी मावशी मला रस्त्याच्या कडेला उभी करायची आणि विचारायची, "हे कुनासाठी घेतेस? तुझ्यासाठी का लोकांनी बघावं म्हनून?" महागड्या साबणाच्या वडीवरून आमचा चांगलाच वाद झाला. शेवटी तिनं ती घेऊ दिली, पण चहापूड अर्धी केली. "दोन्ही मिळनार न्हाय. एक निवड. एकट्या मानसाला निवडता आलं पायजे, दुसरं कोन निवडनार?"

तिचा स्वतःचा हिशेब फार कडक होता, पण त्यात एक खर्च ठरलेला असे. महिन्यातून एकदा ती अख्खं पापलेट आणायची, तळायची आणि दार लोटून एकटीच बसून खायची. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा नवल वाटलं. इतकी काटकसरी बाई, आणि पापलेट?

"आमच्यात मधला तुकडा बाप्यांचा," ती म्हणाली. "मी शेपटी खाऊन मोठी झाली. आता पुरं मासं माझं."

हळूहळू तिची कहाणी कळली. ती मूळची खाडीकाठच्या अंजूर गावची. नवऱ्यानं दुसरी बायको आणली तेव्हा मावशी भावाकडे परत आली. चार वर्षं तिथं शेतात राबली आणि एक दिवस भिवंडीला येऊन कांडीच्या मशीनवर बसली. भावाला ती कधी वाईट म्हणाली नाही. "दादा चांगला हाय गो. त्याच्या घरात मना भात मिळायचा. पन मना भूक कधी लागली हे वयनी ठरवायची."

सहा महिन्यांनी वडील आले. त्यांनी डबे उघडून पाहिले, रॉकेल किती आहे ते पाहिलं, पोस्टाचं नवं पासबुक चाळलं. जाताना मावशीला एवढंच म्हणाले, "लक्ष असू द्या." कल्याणचं नाव पुन्हा निघालं नाही.

पुढच्या वर्षी मात्र परीक्षा मावशीची आली. सूत महागलं, लूम बंद पडू लागले, आणि तिचं काम आठवड्यातून तीन दिवसांवर आलं. ही बातमी अंजूरला पोचली आणि तिचा भाऊ आला. उंच, करडा माणूस. दारातच उभा राहून म्हणाला, "चल घरी. गाव मना बोलतो, भैनीला वाऱ्यावर सोडलीस म्हनून."

"एक महिना दे दादा," मावशी म्हणाली. "न्हाय पुरलं तर खोली सोडते."

तो गेल्यावर तिनं मला कागद घेऊन बसवलं. ती सांगत गेली, मी लिहीत गेले. भाडं खाली येणार नव्हतं. चहा एक वेळचा केला, डाळ एक दिवसाआड, आणि सगळ्यात शेवटी पापलेट खोडलं. तरी चौदा रुपये कमी पडत होते.

"चौदा रुपये मी देईन," मी म्हणाले.

"मग तो तुझा महिना झाला. माझा न्हाय."

दोन दिवसांनी सकाळी तिची खोली बंद दिसली. ती अंजूरला गेल्याचं कळलं आणि मी हादरले, वाटलं, हरली. दुपारी ती परतली ती डोक्यावर टोपली घेऊन. खाडीकाठच्या बायकांकडून तिनं उधारीवर सुका जवळा, म्हणजे वाळवलेली बारीक कोळंबी, आणला होता. काम नसलेल्या दिवशी गल्लोगल्ली फिरून तो विकायचा बेत होता.

पहिल्या दिवशी टोपली जवळपास भरलेलीच परत आली. मावशी मराठीत ओरडत होती आणि त्या गल्ल्यांत राहणारी निम्मी माणसं उत्तरेकडून आलेली. रविवारी मी तिच्याबरोबर गेले. एका विणकराच्या दाराशी मावशीनं घसा खाकरून कारखान्यात कानावर पडलेल्या हिंदीत आरोळी ठोकली, "सूखा झिंगा लो बाजी! खाके देखो, अच्छा न्हाय तो पैसा वापस!" 'बाजी', म्हणजे ताई, अशी हाक ऐकून आतली बाई हसत बाहेर आली. तिनं स्वतः पावशेर घेतला आणि शेजारणीलाही हाक मारली. त्या दिवशी टोपली रिकामी झाली.

महिन्यानं भाऊ आला तेव्हा खाडीवरची उधारी फिटली होती, भाडं गेलं होतं आणि डब्यात तांदूळ होता. मावशीनं त्याच्यापुढे चहा ठेवला. "पुरला दादा."

त्यानं सगळ्या खोलीवरून नजर फिरवली. "हट्टी हायस."

"हाय," ती म्हणाली.

काही महिन्यांनी लूम पुन्हा सुरू झाले. सत्त्याहत्तरमध्ये मला ठाण्याच्या शाळेत नोकरी लागली, पण मी अधूनमधून मावशीकडे जात राहिले. तिला जाऊन आता बरीच वर्षं झाली. तिची आठवण निघाली की एकोणऐंशीतली एक दुपार हटकून डोळ्यांपुढे येते.

मी गेले तेव्हा तिचा भाऊ भिंतीला टेकून बसला होता. शेजारी त्याची मुलगी कमळ, मान खाली घातलेली. सासरचा मार सोसवेना म्हणून ती परत आली होती, आणि अंजूरच्या घरात आता सुना नांदत होत्या. मावशीनं तिच्यासाठी कांडीचं काम पाहून ठेवलं होतं, चाळीत एक खोलीही रिकामी होती. म्हातारा म्हणाला, "दुर्गे, एकट्या बाईला म्हैन्याला काय काय लागतं गो?"

मावशी कमळकडे वळली. "तू सांग. तुला काय काय लागतं?"

कमळनं आधी बापाकडे पाहिलं. मग आत्याकडे. हा प्रश्न तिला जन्मात कुणी विचारला नसावा. ती अगदी हळू म्हणाली, "आरसा."

"आरसा कशाला–" म्हाताऱ्यानं तोंड उघडलं. मावशीनं हात वर करून त्याला थांबवलं आणि माझ्याकडे वही सरकवली.

"लिही गो बाय," ती म्हणाली. "पयला आरसा. हां कमळे, फुडं सांग."