कापूरहोळचा कायदा

हसणार नसाल तर सांगतो. पण तुम्ही हसणारच, तेव्हा आधी माझा चहा इकडं सरकवा!

मी तेव्हा भोर संस्थानच्या कचेरीत नवा कारकून होतो. एकदा पुण्याला गेलो असता भर रस्त्यातून पलीकडं निघालो, तर पोलिसानं शिट्टी फुंकून मागं हाकललं आणि चौकातून जायला लावलं. झालं! रस्ता मधूनच ओलांडणं हा गुन्हा आहे, असं ज्ञान मला प्राप्त झालं. आणि ज्ञान झाल्यावर माणूस गप्प बसतो का? निदान कारकून तरी बसत नाही.

पुढं लवकरच पुण्याला मुलगी बघायला निघालो. मुलगी वकिलांची. दुपारच्या चहाला या, उशीर नको, असं बजावलेलं. आधी दोन नकार पचवून झाले होते, त्यामुळं हे स्थळ हातचं जाऊ नये असं मला फार वाटत होतं.

कापूरहोळला मोटार बदलायची. पुण्याची मोटार वडाखाली थांबायची आणि चहाचं दुकान बरोबर समोर, रस्त्यापलीकडं. तिथं चौक कुठला! तेव्हा अर्थात मी भोरच्या फाट्याला वळसा घालूनच चहाला गेलो. तेवढ्यात एक म्हातारी डोक्यावर पाटी घेऊन सरळ रस्त्यात उतरली.

"आजी, मधून जायचं नाही. गुन्हा आहे," मी म्हणालो.

माझा कोट आणि काळी टोपी बघून तिनं पाटीच खाली ठेवली. "मंग कुठनं जायाचं, सायेब?"

मी फाटा दाखवला. तो चांगलाच लांब होता. म्हातारी जरा दम खायला तिथंच टेकली. दुकानात कुजबुज सुरू झाली, सरकारी माणूस आलाय म्हणे. एक शेतकरी तर आपणहून बैल घेऊन फाट्याकडं वळला. मी मिशीवर हात फिरवून दुसरा चहा मागवला.

आणि मोटार आली! मी पैसे टाकले, रस्त्यात पाय ठेवला, तोच मागून कोट ओढला गेला.

"सायेब, हितनं नगं," म्हातारी अगदी काळजीनं म्हणाली. "गुन्हा हाय न्हवं?"

सगळं दुकान बघत होतं. आता शब्द फिरवायचा कसा? निघालो फाट्याकडं. बरं, एकट्यानं पळावं, तर म्हातारीही सोबत निघाली आणि पाटी माझ्या डोक्यावर आली. आम्ही फाट्याला पोचलो आणि तिकडं मोटार धूळ उडवत पुण्याला गेली. म्हातारीचं घर वडाच्या मागंच होतं. तिनं मला पिठलं-भाकरी वाढली, तीही आग्रह करकरून.

पुण्याला पोचलो ते दिवेलागणीला. उशीर का झाला ते वकिलांना खरं सांगून टाकलं. त्यांनी चष्मा काढला.

"पोलीस नेमकं काय म्हणाला?"

"म्हणाला, मरायचंय का? चौकातून जा."

"हा कायदा नव्हे, सल्ला आहे. असा कायदा मी तरी वाचलेला नाही."

आतल्या खोलीत कुणीतरी फस्सकन हसलं. मी म्हटलं, संपलं, हेही स्थळ गेलं. पण त्या हसणारीनंच होकार दिला!

लग्न पुण्यालाच झालं. वऱ्हाडासकट परत येताना कापूरहोळला उतरलो. भोरची मोटार रस्त्यापलीकडं उभी. वऱ्हाड आणि वकिलांची लेक सरळ रस्ता ओलांडून मोटारीत बसलीसुद्धा. मीही निघालो, तर समोर म्हातारी. असा कायदाच नाही हो, मी हात जोडून सांगितलं.

"लगीन झालं म्हून कायदा बदलला व्हय?" ती म्हणाली. "आमी समदी अजून फाट्यावरनंच जातो."

घातला वळसा. मी अर्ध्या वाटेत असतानाच मोटार सुटली. मी दोन्ही हात हलवले, तर आतल्या पोरांनीही उलट हात हलवले. वऱ्हाडाला वाटलं, नवरदेव पुढं ड्रायव्हरशेजारी बसलाय.

बैलगाडीनं घरी पोचलो, तर नवरी माझ्यासाठी दारातच खोळंबलेली. उंबरठ्यावर तांदळाचं माप ठेवलेलं. मी मान खाली घालून शेजारी उभा राहिलो. पदराआडून हळूच आवाज आला,

"माप इथूनच ओलांडू, की फाट्यावरून?"