एकच शाल

शी! त्या कचेरीचं नाव काढलं तरी सुनयनाच्या तोंडाची चव जायची. पाच वर्षं ती तिथे कंत्राटी क्लार्क. कोंडविलकर साहेब टेबलाखालून घेणार, आणि जे देत नाहीत त्यांना "उद्या या" सांगायचं कुणी? हिने! म्हातारी बायजाबाई नवऱ्याच्या पेन्शनच्या फाइलसाठी सातव्यांदा आली, तेव्हाही हिनेच सांगितलं. म्हातारी पदराने कपाळ पुसून निघून गेली. त्या दुपारी सुनयनाने डबा उघडला आणि तसाच बंद केला.

भूक लागायची ती फक्त नाटकाच्या तालमीला. कोपरखैरण्यात बुद्धविहाराच्या हॉलमध्ये संध्याकाळी सगळे जमायचे, कुणी तुर्भ्याच्या कारखान्यातून, कुणी दुकान भावावर सोपवून. नाटकातलं गाव पार सडलेलं, सरपंच लुबाडतोय, आणि हिची भूमिका त्याच्या सुनेची. शेवटच्या अंकात ती भरसभेत सासऱ्याच्या खांद्यावरची मानाची शाल ओढून काढते आणि म्हणते, "हा मान तुमचा नाही." तेवढं एक वाक्य म्हटलं की बाईच्या अंगात जीव यायचा. घरी जाताना दोन-दोन वडापाव हाणायची. वडील कोकणात जलशात गायचे, रक्तातच होतं म्हणा ना.

प्रयोग ठरला रविवारी, वाशीला. आणि प्रायोजक कोण मिळावा? कोंडविलकर!

दिग्दर्शक अभय म्हणाला, "ताई, मध्यंतरात त्यांचा सत्कार करायचाय. तुझ्या हस्ते. साहेबांनीच सांगितलंय."

"माझ्या हस्ते? अरे, मळमळतं मला त्या माणसाकडे बघून!"

"दोन मिनिटांचं काम गं. तुझं कॉन्ट्रॅक्ट वाढवणंपण मार्चला त्यांच्याच सहीवर आहे ना?"

आहे. तिथेच तर सगळं अडलं होतं.

मध्यंतर झालं, नारळ सापडला, पण सत्काराची शाल अभयच्या घरीच राहिली होती. हौशी मंडळींचं हे नेहमीचंच! अभयने अंकुशच्या, म्हणजे सरपंचाच्या, खांद्यावरची शाल काढून सुनयनाच्या हातात कोंबली. तिने दात आवळून ती साहेबांना पांघरली. साहेब शालीसकट पहिल्या रांगेत जाऊन बसले. आता परत मागायची कुणाची छाती?

शेवटचा अंक. अंकुश उघड्या खांद्यांनी उभा. सुनयना त्याच्यापर्यंत गेली, थबकली. मग वळली आणि पायऱ्या उतरून सरळ पहिल्या रांगेसमोर आली. साहेबांच्या खांद्यावरची शाल तिने एका हिसक्यात ओढली.

"हा मान तुमचा नाही!"

हॉल टाळ्यांनी दणाणला. आणि निर्लज्जपणा बघा, ते ध्यानही टाळ्या पिटत होतं!

पडदा पडल्यावर साहेब मेकअपरूममध्ये हजर. "वा, मॅडम! मलाच नाटकात घेतलंत! आता ती शाल द्या."

"बायजाबाईंच्या फाइलवर सही करा, मग देते," सुनयना म्हणाली. "तिथे खाली मी नाटक करत नव्हते, साहेब."

साहेबांचं हसू मावळलं. "मार्च काही लांब नाही."

"माहितीय."

साहेब तणतणत निघून गेले. अभय डोक्याला हात लावून बसला. सुनयनाने शालीची घडी करून पेटीत ठेवली आणि वड्यांचा पुडा पुढ्यात ओढला.

"तोंड काय पाडून बसलायस, अभय? चटणी दे इकडे. भूक लागलीय मला."